शनिवारची नखं, सोमवारचे हात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, नोकरी हिंजवडीत. तुम्ही अधूनमधून साडी नेसून तयार होता, हे पत्नीला माहीत आहे आणि तिची साथही आहे. दोन आठवड्यांनी शनिवारी घरीच फोटो काढायचे आहेत. बाजारातला प्रेस-ऑन, म्हणजे वरून चिकटवायच्या तयार प्लास्टिकच्या नखांचा सेट दोनदा वापरून झाला. पहिल्यांदा निऱ्या घालता घालताच तीन नखं निघून पडली, आणि अंगठ्याला तर सेटमधलं एकही नख पुरलं नाही. दुसऱ्यांदा ग्लूने पक्की बसवली, रविवारी रात्री घाईत ओढून काढली, आणि आता स्वतःची नखं पातळ, पांढुरकी, खरखरीत झाली आहेत. सोमवारी ऑफिसात हातांवर काहीही दिसता कामा नये.

लिहिताना तुम्ही एका ओळीत ‘गेलो’ म्हटलंय आणि पुढच्याच ओळीत ‘नेसले’. मी ‘तुम्ही’ म्हणते, त्यात दोन्ही मावतात.

मी हे काम बावीस वर्षं करतेय. सुरुवात लावणीच्या कार्यक्रमांच्या मेकअप रूममध्ये झाली. तिथे बायकांच्या बरोबरीने लावणी करणारे पुरुष कलाकारही असायचे, आणि त्यांचे हात सजवायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे यायचं. आता पुण्यात माझा छोटा नेल स्टुडिओ आहे. तुमच्यासारखे, म्हणजे फक्त स्वतःसाठी तयार होणारे, बरेच जण येतात. या सगळ्यांचे हात पाहून मी एक गोष्ट शिकले: नख चिकटवायला एक मिनिट लागतं. खरं काम त्याच्या आधी मापात आणि त्याच्या नंतर काढण्यात आहे. तुमचं दोन्ही वेळा बिघडलं ते याच दोन ठिकाणी.

आधी माप. बायकांच्या हाताचा अंदाज धरून बनवलेल्या सेटमध्ये साधारणपणे २४ नखं असतात आणि ती १०-१२ मापांत विभागलेली असतात. नखाच्या मागच्या बाजूला बारीक आकडा असतो. ० सर्वांत रुंद, आणि आकडा वाढत जाईल तसं नख अरुंद होत जातं. माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांचा अंगठा बहुतेक वेळा या शून्यालाही पुरत नाही. तर्जनी आणि मधलं बोटही एक-दोन मापांनी पुढे असतात, म्हणजे सेटमधली मोठी नखं तिथेच संपतात आणि लहान नखांचा ढीग उरतो. तुमचा हात विचित्र आहे असं यातून अजिबात समजू नका. सेट दुसऱ्या हातासाठी बनलेला आहे, एवढंच.

माप घ्यायची पद्धत सोपी आहे. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा नखावर आडवा लावा. नख जिथे सर्वांत रुंद आहे तिथे, एका कडेच्या कातडीपासून दुसऱ्या कडेच्या कातडीपर्यंत, बारीक पेनाने दोन खुणा करा. पट्टी काढून मोजपट्टीवर चिकटवा आणि मिलिमीटर वाचा. पट्टी नखाच्या गोलाईवर नीट दाबलेली हवी, नाहीतर आकडा कमी येतो. दहाही बोटांची मापं लिहा. डाव्याचं माप उजव्याला चालेल असं धरू नका. ज्या हाताने आपण काम करतो तो हात बहुतेक वेळा थोडा मोठा असतो. ही दहा आकड्यांची चिठ्ठी एकदा झाली की जपून ठेवा, ती कायमची उपयोगी पडते.

या चिठ्ठीवरून पुढे तीन वाटा आहेत. पहिली, मापावर सेट बनवून घेणं. घरून काम करणाऱ्या नेल आर्टिस्ट मुली आता पुण्यात, मुंबईत आणि लहान शहरांतही आहेत. त्या मिलिमीटरमध्ये माप मागवतात आणि सेट कुरिअरने पाठवतात. तिथे तुम्ही कोण, कशासाठी हवंय, हे सांगायची गरजच पडत नाही. पहिल्या खेपेला पार्लरमध्ये जायला बिचकणाऱ्यांना मी हाच रस्ता सांगते. दुसरी वाट म्हणजे रुंद मापाच्या पूर्ण नखाच्या टिप्स सुट्या विकत घेऊन घरी रंगवणं. तिसरी, अडचणीची पण माझ्या हाताखालून बऱ्याचदा गेलेली: पायाच्या नखांच्या प्रेस-ऑन सेटमधलं सर्वांत मोठं नख हाताच्या अंगठ्याला बसवणं. ते रुंद असतं, चपटं असतं आणि लांबीला कमी असतं. अंगठ्याचं नख बाकीच्यांपेक्षा आखूड असलं तर डोळ्यांना खटकत नाही, उलट काम करायला सोपं जातं. फक्त रंग जुळवून घ्यावा लागतो, म्हणून अशा वेळी दहाही नखांवर एकाच बाटलीतल्या नेलपॉलिशचा एक हात वरून फिरवा.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठं नख घ्या आणि दोन्ही कडा फाइलने घासून उतरवा. लहान नख दाबून बसवू नका. ते तासाभरात ठणकायला लागतं, त्याच्या कडा ताणलेल्या असतात आणि साडीचा पदर ओढताना तेच आधी उडतं. मोठं नख न घासता लावलं तर ते कातडीवर चढतं, आणि मग कितीही महागाचा ग्लू असला तरी कडेपासून सुटत जातं.

रुंदीनंतर गोलाई पाहायची, आणि ही बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पुरुषांची नखं बऱ्याचदा चपटी असतात, तर सेटमधली नखं पन्हळीसारखी वळलेली असतात. ग्लू न लावता नख बोटावर ठेवा, बोट डोळ्यांसमोर आडवं धरा आणि टोकाच्या बाजूने आत बघा. मध्ये पोकळी दिसली तर ते नख दोन कडांवर उभं आहे, त्याला धरायला जागाच नाही. अशा वेळी कपात गरम पाणी घ्या, उकळतं नको, बोटाला सोसेल त्याहून जरा जास्त गरम. प्लास्टिकचं नख चिमट्याने त्यात १०-१५ सेकंद बुडवा, बाहेर काढून दोन्ही अंगठ्यांनी हलकेच पसरवा आणि गार होईपर्यंत तसंच धरून ठेवा. एकदा कमी पडलं तर पुन्हा करा. मग पूर्ण कोरडं होऊ द्या. तुमची निऱ्या घालताना पडलेली तीन नखं बहुधा याच कारणाने पडली.

मुळाशी, कातडीला टेकणारी कडही बघा. सेटमधल्या नखांची ती कड अर्धगोल असते. तुमच्या नखाच्या मुळाची रेषा जास्त सरळ असेल तर दोन कोपऱ्यांत फट दिसते आणि नख वरून ठेवल्यासारखं वाटतं. ती कड फाइलने आपल्या रेषेसारखी करून घ्या. दहा नखांना मिळून अर्धा तास लागेल, पण फोटोत नख बोटातूनच आलंय असं दिसतं ते या अर्ध्या तासामुळे.

आता आकार आणि लांबी. माझं मत याबाबतीत ठाम आहे: रुंद बोटांवर चौकोनी नख लावू नये. सरळ कापलेली आडवी कड बोटाची रुंदी आणखी ठळक करते. बदामी म्हणजे आमंड, किंवा लांबट ओव्हल घ्या. दोन्ही कडा बोट जिथे संपतं तिथूनच किंचित आत झुकायला लागल्या पाहिजेत, मग नजर कडेकडून मधल्या टोकाकडे जाते आणि बोट लांब वाटतं. बोटाच्या टोकापुढे येणारा भाग तुमच्या नखाच्या लांबीच्या निम्म्याइतका पुरे. पहिल्यांदा लावणारे जवळजवळ सगळेच खूप लांब, टोकदार किंवा कॉफिन आकाराची, म्हणजे निमुळती होत जाऊन टोकाला सरळ कापलेली नखं मागतात, कारण मनातलं चित्र तसं असतं. मी नाही म्हणत नाही, लावून दाखवते, आणि शेजारच्या बोटाला मध्यम लांबीचा बदामी आकार लावून आरशात दोन्ही बघायला सांगते. बहुतेक जण दुसऱ्यावर थांबतात. ज्यांना तरीही लांबच हवीत त्यांना लांब लावून देते, कारण तो आनंदही खराच आहे.

रंग निवडताना गव्हाळ आणि सावळ्या हातांना मरून, वाइन, विटकरी लाल, कॉफीसारखा गडद तपकिरी हे शोभतात. आपल्या कातडीच्या जवळचा तपकिरी-गुलाबी रंग बोटं सर्वांत लांब दाखवतो. पांढऱ्या टोकाची फ्रेंच नखं रुंद हाताला टाळा. ती पांढरी पट्टी म्हणजे रुंदीवर आखलेली रेघच असते. साडीशी रंग जुळवायचा असेल तर काठाशी जुळवा, अंगाशी नको.

नखांभोवतीचा हात विसरू नका. बोटांच्या पेरांवर केस तसेच ठेवून त्यावर सुंदर नखं लावली की नजर आधी केसांवर जाते. वॅक्सिंग करायचं तर दोन दिवस आधी करा, म्हणजे लाली उतरलेली असते. ऑफिसात लक्षात येईल अशी भीती असेल तर ट्रिमरने बारीक करा. कमी झालेले केस कुणाच्या ध्यानात येत नाहीत, हे मी खात्रीने सांगते. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी पुढे चढलेली असते ती आंघोळीनंतर मऊ असताना लाकडी काडीने हळू मागे ढकला, आणि हे फोटोच्या चार-पाच दिवस आधीपासून रोज करा. कात्रीने कापू नका. तिथे कापलं गेलं की नखुरडं व्हायला वेळ लागत नाही. रात्री झोपताना प्रत्येक नखाच्या मुळाशी खोबरेल तेलाचा एक थेंब चोळा. दोन आठवड्यांत हात किती बदलतात ते तुमच्या तुम्हालाच दिसेल.

इथे मला जुन्या कलाकारांची आठवण येते. बालगंधर्वांची वेशभूषा, त्यांच्या साड्या आणि दागिने बघून त्या काळच्या बायका तशी नेसण करत, असं आपण ऐकत आलोय. प्लास्टिकच्या नखांची चाल तेव्हा आपल्याकडे नव्हती. कोकणातल्या दशावतारातही स्त्रीपात्रं परंपरेने पुरुषच करत आले आहेत. नऊवारी, अंबाडा आणि गजरा, सगळं स्वतःच्या हाताने. त्यांचा हात बाईचा दिसतो तो बोटांच्या ठेवणीमुळे. मनगट जरा सैल, बोटं एकमेकांना चिकटून न ठेवता करंगळी किंचित सुटी, आणि हाताची पाठ कॅमेऱ्याकडे पूर्ण न करता कडेने. पदर चिमटीत धरा, मुठीत नको. नखं या ठेवणीला मदत करतात. पत्नीला सांगा फोटो काढायला, आणि आठवडाभर आधी नखांशिवायच हाताचे दहा-वीस फोटो काढून बघा.

आता चिकटवणं. तुम्हाला सोमवारी मोकळे हात हवेत आणि नखं आधीच दुखावलेली आहेत, तेव्हा मी तुम्हाला मिश्र पद्धत सांगते. दोन्ही चिकट पर्याय तुम्हाला माहीत आहेत: एक म्हणजे जेलीसारखे पारदर्शक ग्लू टॅब, जे एका दिवसासाठी उत्तम, आणि दुसरा बाटलीतला नेल ग्लू, जो आठवडा-दीड आठवडा सहज धरतो. काम करतात ती बोटं चारच, दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. ग्लू लावायचाच झाला तर फक्त त्या चारांना, बाकी सहांना टॅब. आणि त्या चारांपैकी ज्या नखावर हात फिरवल्यावर दुखतंय, त्याला या खेपेला ग्लू अजिबात नको. तिथेही टॅबच लावा, आणि त्या बोटाला जपा.

लावायच्या आधी तासभर हात पाण्यात घालू नका. नख पाणी पितं आणि फुगतं. फुगलेल्या नखावर काही चिकटवलं की ते पाणी सुकताना नख आकसतं आणि चिकट थर सुटतो. भांडी घासून किंवा आंघोळीहून थेट नखं लावायला बसणाऱ्यांची नखं म्हणूनच पडतात. क्रीम, तेल काही नको. दुखऱ्या, पातळ नखांवर बफर, म्हणजे नख घासायची मऊ घासणी, फिरवू नका. जी नखं धड आहेत त्यांच्यावर २४० ग्रिटच्या, म्हणजे बारीक खरखरीच्या बफरने दोन-तीन हलके फटके, फक्त चकाकी जाईपर्यंत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हॅन्ड सॅनिटायझर वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते नखावर तेलकट थर ठेवतं. प्लास्टिकच्या नखाची आतली बाजूही तशीच पुसा, ती कुणीच पुसत नाही. त्यानंतर स्वच्छ नेलपॉलिशचा एक पारदर्शक हात स्वतःच्या नखावर द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. ग्लूला नखाऐवजी हा थर धरायला मिळतो आणि काढताना नखाचा पापुद्रा बरोबर येत नाही. पकड थोडी कमी होते, पण तुमच्या नखांना आत्ता पकडीपेक्षा सांभाळाची गरज आहे.

ग्लूचा एक छोटा थेंब आपल्या नखाच्या मधोमध, आणि अगदी पातळ हात प्लास्टिकच्या नखाला. नख तिरकं धरून आधी मुळाकडची कड टेकवा, कातडीपासून केसभर अंतर ठेवून, आणि मग टोकाकडे हळू खाली आणा, म्हणजे आत अडकलेली हवा पुढे निघून जाते. ३० सेकंद दाबून धरा. हा ग्लू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून मुंबईत किंवा पावसाळ्यात पटकन धरतो आणि एसी खोलीत वेळ घेतो. एकावेळी एकच नख. आत बुडबुडा दिसला तर ते काढून पुन्हा लावा. त्या पोकळीत ओल साठली की जिवाणू वाढतात आणि खालचं नख हिरवट पडतं.

ग्लूबद्दल दोन सूचना मी प्रत्येकाला देते. सांडलेला ग्लू कापसाने पुसू नका. कापूस आणि हा ओला ग्लू यांची गाठ पडली की चटका बसेल इतकी उष्णता तयार होते. सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमाआधी मी घाईत एका कलाकाराच्या बोटावरचा ग्लू कापसाने टिपला आणि त्याला फोड आला. तो तसाच नाचला. तो हात मी आजही विसरलेले नाही. दुसरी सूचना, ग्लूची बाटली डोळ्यांच्या थेंबांजवळ कधीही ठेवू नका, दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. चुकून डोळ्यात गेलाच तर पाण्याने धूत राहा, पापण्या ओढून उघडू नका आणि ताबडतोब डॉक्टर गाठा.

तयार होण्याचा क्रम तुमचा उलटा होता. नखं सगळ्यांत शेवटी. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या आधी, मग मेकअप, विग, ब्लाउजचे हुक, साडी, निऱ्या, सगळ्या पिना, बांगड्या, कानातलं, आणि एकदा बाथरूमला जाऊन येणं. लावणीवाल्यांचे चाळसुद्धा मी नखांच्या आधी बांधून घ्यायचे. हे सगळं झालं की टेबलाशी बसायचं. करंगळीपासून सुरू करून अंगठ्याकडे यायचं आणि दोन्ही अंगठे शेवटी, कारण दाबायचं काम त्यांचं असतं. रंग आधीच पूर्ण वाळलेला असावा. लावल्यानंतर नखं रंगवत बसू नका.

नखं लागली की वस्तू बोटाच्या मऊ भागाने उचलायच्या, टोकाने नाही. मोबाइलवर बोट आडवं ठेवून टाइप होतं, दहा मिनिटांत सवय होते. गॅस पेटवणं, निरांजन लावणं, काडी ओढणं हे दुसऱ्याला सांगा. प्लास्टिकची नखं पेट घेतात. पर्समध्ये टॅबची अर्धी पट्टी आणि अंगठ्याचं एक जादा नख ठेवा.

मेंदीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण फोटोसाठी मनात येईल म्हणून सांगते. कातडीवरची मेंदी दोन आठवड्यांत जाते. नखावर चढलेला मेंदीचा रंग मात्र नख वाढून कापलं जाईपर्यंत जात नाही, म्हणजे काही महिने. सोमवारची काळजी असलेल्यांनी नखाला मेंदी लागू देऊ नये.

आता रविवारची रात्र. याला एक तास ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीच्या गजराची घाई नसेल अशा वेळी बसा. टॅबवाली सहा नखं आधी. वाडग्यात कोमट पाणी, त्यात शाम्पूचे काही थेंब आणि चमचाभर खोबरेल तेल. १५ मिनिटं बोटं बुडवून ठेवा. मग लाकडी काडी कडेने आत सरकवा, एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे, आणि काडीबरोबर तेलपाणी आत जाऊ द्या. टोकाला धरून वर उचकटायचं नाही. हलत नसेल तर पुन्हा पाच मिनिटं बुडवा. नखं अशी काढली तर धुऊन पुढच्या खेपेला वापरता येतात. मापावर बनवलेला सेट असेल तर हे महत्त्वाचं.

ग्लूवाल्या नखांना ॲसिटोन लागतं. बाटलीवर ॲसिटोन-फ्री लिहिलेलं रिमूव्हर नेलपॉलिश काढेल, पण हा ग्लू नीट विरघळवणार नाही. नखाच्या भोवती कातडीला व्हॅसलीन लावा, नख जमेल तेवढं आखूड कापा, वरचा रंग फाइलने खरडा, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवा आणि ॲल्युमिनियम फॉइलने बोट गुंडाळा. १०-१५ मिनिटं. खिडकी उघडी हवी, आणि खोलीत गॅस, उदबत्ती, देवाचा दिवा काहीही पेटलेलं नको, कारण ॲसिटोनची वाफ भडकते. प्लास्टिक मऊ चिकट होतं, ते काडीने सरकवा. उरलं तर पुन्हा गुंडाळा. ही नखं पुन्हा वापरता येत नाहीत, ती विरघळतात.

हात साबणाने धुवा, कोपऱ्यांत रंग किंवा ग्लूचा पांढरा थर राहिलाय का ते उजेडात बघा. सोमवारी ओळखू येतं ते सहसा यावरूनच. जास्त घासून नखं आरशासारखी चमकवू नका, पुरुषाच्या हातावर ती चमकही लोकांच्या डोळ्यांत भरते. मग तेल.

तुमच्या पांढुरक्या नखांचं कारण आता कळलं असेल. ओढताना ग्लूबरोबर नखाचे वरचे थर सोलून निघाले. त्यावर औषध नाही. नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे नवं नख मुळापासून टोकापर्यंत यायला साधारण सहा महिने लागतात. तोवर आखूड ठेवा, तेल लावा, भांडी घासताना मोजे घाला. नखाखाली पिवळट-जाड थर, पू, ठणका किंवा हिरवा डाग असेल तर त्यावर काहीही चिकटवू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मधुमेह असेल तर लहानशा जखमेलाही तेच.

जेल आणि ॲक्रिलिक एक्स्टेन्शनबद्दल, म्हणजे स्वतःच्या नखावर थर चढवून वाढवलेल्या नखांबद्दल, थोडकंच सांगते, कारण दोन दिवसांच्या नखांसाठी ती मी कुणालाच सुचवत नाही. ती दोन-तीन आठवडे राहावीत म्हणून असतात आणि काढायला तासभर घासकाम लागतं. घरी जेल सुकवायच्या दिव्याचं किट आणून जेल करण्याचा मोह मात्र टाळा. नीट न सुकलेलं जेल कातडीला वारंवार लागलं तर ॲलर्जी होऊ शकते आणि ती सहसा आयुष्यभर राहते. त्याच कुळातली रसायनं दातांच्या कामात आणि हाडांच्या शस्त्रक्रियेतल्या सिमेंटमध्येही वापरतात, म्हणजे आजच्या हौसेची अडचण पुढे तिथे येऊ शकते. टॅब किंवा ग्लूनेसुद्धा नखांभोवती खाज, लाली, किंवा पापण्यांना सूज आली तर तिथेच थांबा.

पार्लरमध्ये माप द्यायला जायचं ठरवलंत तर आधी फोन करून सरळ विचारा: ‘मला प्रेस-ऑन नखांसाठी माप द्यायचंय, मी पुरुष आहे, चालेल का?’ काही ठिकाणी फक्त बायकांसाठी काम असतं, ते नाही म्हणतील. बाकीच्या ठिकाणी तुम्हाला वेळ सांगतील. कारण सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी कधी विचारलंही नाही.

आज रात्री चिकटपट्टी घेऊन दहा मापं लिहून काढा आणि सेट या आठवड्यातच मागवा, म्हणजे गोलाई आणि मुळाची कड जुळवायला पुढचा रविवार मोकळा मिळेल. त्याच रविवारी एक टॅब लावून दिवसभर कसं वाटतं ते बघा, आणि रात्री वाडग्यात बोट बुडवून ते काढून पाहा. फोटोच्या दिवशी डाव्या हाताची नखं तुमची तुम्ही लावा. उजव्या हाताची आणि दोन्ही अंगठ्यांची पत्नीला लावायला सांगा. डाव्या हाताने उजव्यावर नख सरळ बसवणं सरावाच्या माणसालाही जड जातं, आणि ३० सेकंद दाबून धरायला दुसऱ्याचा हात कधीही बरा.